हॅरी फर्ग्युसन : ट्रॅक्टरच्या मागच्या तीन पिनांचा जनक

नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणी पंप यांपैकी कोणतेही अवजार घ्या, आपण ते ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडतो. खाली दोन लोअर लिंक आणि वर मधोमध एक टॉप लिंक. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असला तरी ही रचना बदलत नाही. ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने घडवली.

फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधील ग्रोवेल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे, अकरा भावंडांचे आणि कडक शिस्तीचे. हॅरीला शेतातली कष्टाची कामे मुळीच आवडत नसत. शाळा चौदाव्या वर्षीच सुटली. १९०२ मध्ये तो बेलफास्टला मोठ्या भावाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. मोटारी आणि मोटारसायकली दुरुस्त करता करता विमानाचे वेड लागले. स्वतः विमान बांधून ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे त्याने ते उडवले. उड्डाण सव्वाशे मीटरच्या आतबाहेरचे होते, पण आयर्लंडमधले ते पहिले.

१९११ मध्ये त्यांनी स्वतःचा मोटारींचा व्यवसाय सुरू केला. तिथे अमेरिकेतून येणारे ट्रॅक्टरही विकले जात. पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली, तेव्हा १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने त्यांच्यावर एक काम सोपवले. शेतकऱ्यांकडचे ट्रॅक्टर नीट चालतात का, नांगरट बरोबर होते का, हे गावोगाव फिरून पाहायचे. सोबत विली सँड्स हा हुशार कारागीर होता. पुढची अनेक वर्षे फर्ग्युसन यांच्या कल्पना लोखंडात उतरवण्याचे काम सँड्स यांनी केले. त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

या फिरतीत फर्ग्युसन यांना मूळ दोष दिसला. लोकांनी घोडे सोडून ट्रॅक्टर आणला होता, पण नांगर घोड्याचाच राहिला होता. तो साखळीने किंवा दांड्याने मागून ओढला जाई. त्यामुळे दोन अडचणी येत. ट्रॅक्टर हलका असेल तर चाके जागेवर फिरत, म्हणून कंपन्या ट्रॅक्टर जड करत आणि जड ट्रॅक्टरमुळे जमीन दाबली जाई. दुसरी अडचण जिवावर बेतणारी होती. नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थांबत, पण इंजिनाचा जोर थांबत नसे. मग ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती फिरून पुढून उचलला जाई आणि चालकावर उलथे. त्या काळच्या फोर्डसन ट्रॅक्टरवर असे बरेच बळी गेले.

फर्ग्युसन यांचे म्हणणे होते की ट्रॅक्टर आणि अवजार मिळून एकच यंत्र व्हायला हवे. पहिला नांगर त्यांनी फोर्ड मोटारीपासून बनवलेल्या इरॉस ट्रॅक्टरसाठी केला. तेवढ्यात स्वस्त फोर्डसन बाजारात आला, इरॉस मागे पडला आणि सगळे काम पुन्हा मांडावे लागले. हेन्री फोर्ड यांनी नोकरी देऊ केली, पेटंट विकत मागितले. फर्ग्युसन यांनी दोन्ही नाकारले.

पुढे १९२६ च्या पेटंटमध्ये हायड्रोलिक नियंत्रणाची मुख्य कल्पना आली. ती समजून घ्यायला ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहावे. दोन्ही लोअर लिंक पुढे जाताना एकमेकींकडे झुकतात. त्यांच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या पुढच्या आसाच्या आसपास मिळतात. म्हणजे अवजार मागे असले तरी ओढ जणू पुढून लागते आणि ते सरळ मागे येते. नांगर जमिनीत चालताना टॉप लिंक मात्र ट्रॅक्टरला पुढे रेटते. हा रेटा पुढचा भाग खाली दाबून ठेवतो, त्यामुळे उलथण्याचा धोका कमी होतो. टॉप लिंकच्या मुळाशी स्प्रिंग असते. जमीन कडक लागली की रेटा वाढतो, स्प्रिंग दबते, हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर किंचित वर उचलला जातो. त्या क्षणी नांगराचे व मातीचे वजन मागच्या चाकांवर येते आणि पकड वाढते. यालाच आपण ड्राफ्ट कंट्रोल म्हणतो. हलका ट्रॅक्टर भारी ट्रॅक्टरचे काम करू लागला तो यामुळे.

१९३३ मध्ये त्यांनी पहिला पूर्ण ट्रॅक्टर बनवला. काळ्या रंगाचा तो एकच नमुना होता. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन कंपनीने फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर काढले, पण ते साडेतेराशेच्या आसपासच बनले. ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन एक ट्रॅक्टर जहाजाने घेऊन अमेरिकेला गेले आणि हेन्री फोर्ड यांच्या शेतावर प्रात्यक्षिक केले. फोर्डना ते पटले. दोघांनी हात मिळवला आणि करार झाला. कागद नाही, सही नाही. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९एन बाजारात आला आणि या मालिकेचे ३ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले.

शब्दाचा करार शब्द देणाऱ्याबरोबरच गेला. हेन्री फोर्ड थकले, कारभार नातवाकडे आला आणि १९४६ मध्ये फर्ग्युसनशी संबंध तोडण्याचा निर्णय झाला. फोर्डने तीच जोडणी वापरून स्वतःचा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन यांनी १९४८ मध्ये २५ कोटी डॉलरहून मोठा दावा लावला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. बटाईचे, भागीदारीचे व्यवहार तोंडी करणाऱ्यांना हा भाग जवळचा वाटेल.

दरम्यान इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून त्यांचा राखाडी टीई२० तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत असे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. एडमंड हिलरी यांची तुकडी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली ती याच फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर. टीई२० बरोबर एक पाना मिळे. त्याच्यावर इंचांच्या खुणा असत, म्हणजे नट आवळायलाही तोच आणि तासाची खोली-रुंदी मोजायलाही तोच.

१९५३ मध्ये त्यांनी कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत १० लाख डॉलरचा फरक राहिला, तो नाणे उडवून मिटवला आणि फर्ग्युसन हरले. वर्षभरातच ते बाहेर पडले. पुढे मोटारींसाठी चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेवर काम करत राहिले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चेन्नईत मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे ‘मॅसी’ म्हणून ओळखला जाणारा ट्रॅक्टर तिथून आला.

ट्रॉलीचे काय?

फर्ग्युसन यांनी ट्रॉलीचाही असाच विचार केला होता. त्यांच्या दोन चाकी ट्रॉलीचा आस बराच मागे होता, म्हणजे मालाचे काही वजन ट्रॅक्टरच्या हुकावर यावे आणि चाकांना पकड मिळावी. हुक खाली, आसाच्या पातळीखाली होता आणि हायड्रोलिकने वर येऊन ट्रॉलीची रिंग पकडत असे.

ऊस हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहिले की याच्या उलट चित्र दिसते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा, रिंग झिजून लंबगोल झालेली आणि प्रत्येक ब्रेकला धडाका. हा आवाज म्हणजे पिन आणि रिंगमधली मोकळी जागा. ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली तेवढे अंतर पुढे येऊन आदळते. रोजच्या आदळण्याने हिच ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात, वेल्डिंगला तडे जातात. पिन भोकाला साजेशा जाडीची हवी आणि खाली लिंच पिन हवीच. रिंगेची आतली पुढची बाजू बोटाने चाचपावी, झीज तिथेच सुरू होते. फार झिजलेल्या रिंगेवर वेल्डिंगचा भराव घालण्यापेक्षा ती बदललेली बरी. माती पुसून मगच ग्रीस लावावे, नाहीतर धूळ मिसळलेले ग्रीस पॉलिश पेपरचे काम करते.

दोन चाकी ट्रॉलीत माल मागे जास्त भरला तर रिंग हुकात वर उचलली जाते. खडखड वाढते आणि मागच्या चाकांची पकड जाते. चढावर हे धोक्याचे आहे. ट्रॉली किंवा अडकलेले वाहन कधीही टॉप लिंकच्या जागी बांधून ओढू नये. तिथे ओढ आसाच्या वर लागते आणि १९१७ चाच अपघात पुन्हा होतो.

लिंकेजचा आवाज बहुतेक वेळा चुकीच्या पिनेमुळे असतो. लहान ट्रॅक्टरच्या अवजाराची लोअर पिन साधारण २२ मि.मी., मोठ्याची २८ मि.मी. असते. लहान पिन मोठ्या बॉलमध्ये बुश न घालता बसवली की ६ मि.मी. खेळ राहतो. बुश स्वस्त असते, बॉल आणि लिंक महाग. चेक चेन नांगराला थोड्या सैल आणि रोटाव्हेटरला घट्ट ठेवाव्यात. नांगरताना ड्राफ्ट कंट्रोल वापरावे, रोटाव्हेटर व फवारणीला पोझिशन कंट्रोल. ट्रॉली ओढताना रिकाम्या लोअर लिंक उचलून बांधाव्यात, म्हणजे त्या टायरला घासत नाहीत.