देवळालीतल्या शाळामास्तरांनी जगाला ६१७४ चा नाद लावला

कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही आकडे सारखे नकोत. समजा ३५२४ घेतली. आकडे उतरत्या क्रमाने लावले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी केली, ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. अजून एकदा, ८५३२ वजा २३५८. उत्तर आलं ६१७४.

आता यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. दुसरी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी याच स्टेशनात लागते.

हे शोधणारा माणूस कुठल्या विद्यापीठात नव्हता. नाशिकजवळच्या देवळालीत तो शाळेत शिकवत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला पदवी. मग १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी. पुढची पदवी घेतलीच नाही.

आणि हेच त्यांना नडलं. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम म्हणजे आकड्यांचा पोरखेळ वाटायचा. पण मास्तर थांबले नाहीत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. हर्षद संख्या त्यांच्याच. २०, ३१, ४२ अशा 'स्वयंभू' संख्यांना तर थेट देवळालीचं नाव मिळालं.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला मास्तर कळले. म्हणजे ६१७४ सापडून जवळपास तीस वर्षांनी!

आज क्वांटम कॉम्प्युटरमधल्या चुका कमी करणारे संशोधकही बिघडलेली अवस्था पुन्हा ठिकाणावर आणायच्या मागे आहेत. कापरेकरांचा त्याच्याशी थेट संबंध नाही, पण तुलना गमतीची आहे. ३५२४ ऐवजी चुकून ३५२९ लिहिलं तरी शेवटी ६१७४ च येतं. फक्त मूळ संख्या कोणती होती हे पुसलं जातं. क्वांटममध्ये हे परवडत नाही. तिथे एक माहिती अनेक क्यूबिट्समध्ये पसरून ठेवतात आणि माहिती न वाचता फक्त चूक कुठे झाली तेवढं तपासतात. खरी कसरत तीच.

मास्तरांची कसरत मात्र पैशांची होती. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. १९८६ मध्ये ते गेले, तोवर परदेशातले लोक त्यांच्या आकड्यांवर लेख लिहू लागले होते.