जन्मतारीख नसलेला मुलगा : फ्रेडरिक डग्लस



सातवी-आठवीच्या मुलांना अमेरिकेतली गुलामगिरी आणि यादवी युद्ध शिकवायचं म्हटलं की आपल्या हाताशी बहुधा चारच गोष्टी असतात : आफ्रिकेतून आणलेली माणसं, कापसाचे मळे, अब्राहम लिंकन आणि १८६१ ते १८६५ ही सनावळी. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. मग एखादा मुलगा हात वर करून विचारतो, की इतकी लाखो माणसं होती तर ती पळून का नाही गेली? उलटून का नाही मारलं? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर सनावळीत सापडत नाही, एखाद्या माणसाच्या आयुष्यात सापडतं. म्हणून हा पाठ फ्रेडरिक डग्लस यांच्या चरित्रावरून शिकवून बघा. या एका आयुष्यात गुलामगिरी, देशाची फूट, युद्ध आणि युद्धानंतरचा काळ असं सगळं येतं. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी घडल्या तेव्हा हा मुलगा तुमच्या-आमच्या मुलांच्याच वयाचा होता.

मालकाच्या वहीतली नोंद

फ्रेडरिकचा जन्म मेरीलँड राज्यातल्या टॅल्बट परगण्यात झाला. जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. आपल्याकडेही मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहून टाकलेली असते. मुलांना हे आजी-आजोबांमुळे माहीत असतं, म्हणून इथून सुरुवात सोपी जाते. पण फरक लगेच सांगा. आजोबांची तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. फ्रेडरिकची नोंद मात्र झाली होती : फेब्रुवारी १८१८, मालकाच्या वहीत, त्याच्या मालकीच्या माणसांच्या यादीत. ज्याचा जन्म, त्याला ती नोंद बघायची सोय नव्हती.

आई हॅरिएट बेली दुसऱ्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम उरकून ती रात्री मैलोन्‌मैल चालत यायची, पोराला कुशीत घेऊन झोपवायची आणि उजाडायच्या आत परत जायची. अशा भेटी मोजून चार-पाच झाल्या. तो सातेक वर्षांचा असताना ती वारली. वडील कुणी गोरा माणूस आहे, कदाचित मालकच, अशी कुजबुज त्याच्या कानावर होती. कायदा असा होता की मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ताच. तेरा वर्षांच्या मुलांना हे सांगायचं का, असा प्रश्न पडेल. फार तपशिलात न शिरता सांगावं. गुलामगिरी फक्त शेतात नव्हती, ती घरातही होती, हे त्याशिवाय कळत नाही.

आजी बेट्सीने त्याला वाढवलं. सहा वर्षांचा झाल्यावर तीच त्याला मोठ्या मळ्यावर घेऊन गेली, इतर मुलांत खेळायला सोडलं आणि न सांगता निघून गेली. हुकूमच तसा होता. तिथे वर्षभर अंगावर गुडघ्यापर्यंतचा एक जाडाभरडा सदरा. शिजवलेलं मक्याचं पीठ लाकडी डोणीत ओतायचे आणि मुलं भोवती बसून खायची. थंडीत तो धान्याच्या पोत्यात डोकं घालून झोपायचा.

खडू, भिंत आणि पाव

१८२६ मध्ये त्याला बाल्टिमोर शहरात ह्यू आणि सोफिया ऑल्ड यांच्या घरी, त्यांच्या लहान मुलाला सांभाळायला पाठवलं. सोफियाबाईंनी आजवर कुणाला गुलाम म्हणून वागवलं नव्हतं. त्या या पोरालाही मुळाक्षरं शिकवू लागल्या. नवऱ्याला कळलं तेव्हा त्याने शिकवणं तिथल्या तिथे बंद केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की वाचायला शिकलेला गुलाम कामाचा राहत नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत तर गुलामांना लिहावाचायला शिकवायला कायद्यानेच बंदी होती.

मित्रांनो, इथे वर्गात थांबा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा : ज्याच्याकडे चाबूक आहे, जमीन आहे, कायदा आहे, त्याला एका लहान मुलाच्या वाचनाची भीती का वाटावी? उत्तराची घाई करू नका. मुलं बरोबर तिथे पोचतात.

फ्रेडरिकला मालकाच्या रागातून जे कळायचं ते कळलं. घरात पावाची कमी नव्हती. तो खिशात पाव घेऊन निघायचा आणि गल्लीतल्या गरीब, भुकेल्या गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून शब्द शिकायचा. जहाजं बांधायच्या कारखान्यात सुतार लाकडांवर खुणेची अक्षरं काढायचे. ती बघून तो अक्षरं लिहायला शिकला. कुंपणाच्या फळ्या, विटांची भिंत आणि फरसबंदी ही त्याची वही, खडूचा तुकडा ही लेखणी. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने बूट पुसून जमवलेल्या ५० सेंटांत भाषणांचं एक शालेय पुस्तक विकत घेतलं. त्यात एक गुलाम आणि त्याचा मालक यांचा संवाद होता. गुलाम इतकं बिनतोड बोलतो की मालक त्याला मुक्त करतो. फ्रेडरिकने तो पुन्हा पुन्हा वाचला. वाचनाने त्याला आनंद झाला तशी तळमळही लागली, कारण आपली अवस्था आता त्याला नीट दिसत होती आणि सुटायची वाट दिसत नव्हती.

पळून का गेले नाहीत?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. १८३४ मध्ये, सोळाव्या वर्षी, फ्रेडरिकला एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी दिलं. हट्टी गुलामांना वठणीवर आणण्यासाठी कोव्ही प्रसिद्ध होता. पहिले सहा महिने जवळजवळ दर आठवड्याला फटके. वाचायची इच्छासुद्धा मरून गेली. एक दिवस मात्र त्याने कोव्हीचा गळा धरला. झटापट बराच वेळ चालली. त्यानंतर कोव्हीने त्याला पुन्हा कधी फटके मारले नाहीत, आणि कायद्याच्या हवालीही केलं नाही. सोळा वर्षांच्या पोराने हात उचलला हे गावात कळलं असतं तर त्याचा दरारा संपला असता, म्हणून तो गप्प बसला असावा.

ही हकिगत ऐकताना मुलं खूश होतात. होऊ द्या. पण प्रत्येकाचा शेवट असा व्हायचा नाही, हेही सांगा. गोऱ्या माणसावर हात उचलणाऱ्याला फाशीही होऊ शकत होती.

पुढच्या मालकाकडे असताना फ्रेडरिकने रविवारी गुपचूप शाळा चालवली. चाळीसच्या वर विद्यार्थी यायचे, मोठी माणसंसुद्धा, पकडले गेलो तर फटके आहेत हे माहीत असून. १८३६ मध्ये मित्रांबरोबर पळून जायचा बेत केला, तो फुटला आणि तुरुंगवास घडला. पकडलेल्याला लांब दक्षिणेला विकून टाकायचे. तिथून घरच्यांची गाठ पुन्हा पडायची नाही. आई, बायको, मुलं मागे ठेवून जायचं, रस्ता माहीत नाही, वाटेत कुणीही गोरा माणूस कागद मागणार. मुलांना विचारा, या सगळ्यात पळणं म्हणजे काय? त्यांचा प्रश्न आपोआप बदलतो : इतकं सगळं असूनही माणसं पळाली कशी?

३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक निसटला. अंगात खलाशाचे कपडे, खिशात दुसऱ्या एका कृष्णवर्णीय खलाशाचा उसना दाखला. कागदावरचं वर्णन त्याच्याशी नीट जुळतही नव्हतं. पैशाची मदत केली ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने. न्यूयॉर्कला पोचल्यावर दोघांनी लग्न केलं आणि ते मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला राहायला गेले. पकडले जाऊ नये म्हणून बेली हे आडनाव टाकलं आणि डग्लस हे नवं घेतलं.

एका देशाचे दोन तुकडे

१८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध भाषणं करू लागले. ते इतकं उत्तम बोलायचे की हा माणूस कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून १८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं, त्यात मालकांची खरी नावं दिली. त्यामुळे पकडले जायचा धोका वाढला आणि ते आयर्लंड-इंग्लंडला गेले. तिथल्या मित्रांनी १५० पौंड जमवून मालकाला दिले, तेव्हा १८४६ मध्ये ते कायद्याने मुक्त झाले. परत येऊन त्यांनी रॉचेस्टर शहरातून स्वतःचं वृत्तपत्र काढलं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने ते उभे राहिले.

देश कसा फुटला हे मुलांना सांगताना उत्तर चांगली, दक्षिण वाईट असं सोपं करू नका. दक्षिणेचा कापूस उत्तरेच्या गिरण्यांत विणला जात होता, पैसा दोन्हीकडे फिरत होता. भांडण पेटलं ते पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा द्यायची की नाही, यावरून. १८५० च्या कायद्याने पळून आलेल्यांना पकडून देणं उत्तरेतल्या लोकांवरही बंधनकारक झालं. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. १८६० मध्ये लिंकन निवडून आले. गुलामगिरी आहे तिथून काढू असं त्यांनी म्हटलंच नव्हतं, फक्त ती पसरू देणार नाही एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यावर एकेक करत ११ राज्यं फुटून निघाली. फूट राज्यांच्या अधिकारांसाठी होती, असं मुलांना इंटरनेटवर वाचायला मिळेल. तेव्हा सांगा, की मिसिसिपीसारख्या राज्यांनी फुटण्याची कारणं स्वतःच लिहून ठेवली आहेत, आणि त्यात गुलामगिरीचं रक्षण हे कारण ठळकपणे आहे.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं. त्या वेळी गुलामगिरीत जवळजवळ ४० लाख माणसं होती. लिंकन यांच्यापुढे आधी देश एकसंध राखणं होतं. डग्लस मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होते, की गुलामगिरी संपवल्याशिवाय हे युद्ध संपणार नाही, आणि कृष्णवर्णीयांच्या हातात बंदूक द्या. ते लिंकन यांच्यावर उघड टीका करायचे. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा निघाला, पण तो बंडखोर प्रदेशांपुरताच होता. मेरीलँड फुटलं नव्हतं, म्हणून डग्लस यांच्या जन्मगावी गुलामगिरी कायदेशीरच राहिली. ती १ नोव्हेंबर १८६४ ला, राज्याच्या नव्या घटनेने संपली. इथे मुलांना नकाशा काढायला लावा, ही गोष्ट नकाशावर पटकन कळते.

डग्लस यांनी सैन्यभरतीसाठी सभा घेतल्या. पहिल्या भरती झालेल्यांत त्यांचे स्वतःचे दोन मुलगे होते. लुईस हा मुलगा वॅगनर किल्ल्यावरच्या हल्ल्यात होता. गोऱ्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळायचे, कृष्णवर्णीयाला १०, त्यातले ३ कपड्यांसाठी कापून. हाच अन्याय घेऊन डग्लस ऑगस्ट १८६३ मध्ये लिंकन यांना भेटले. समान पगाराचा कायदा व्हायला जून १८६४ उजाडला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. म्हणजे स्वातंत्र्य कुणी एकाने दान दिलं नाही. ज्यांना ते हवं होतं ते त्यासाठी लढले आणि मेले.

पाठ १८६५ ला संपवू नका

डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपली. पुढे नागरिकत्व आणि पुरुषांना मताचा हक्कही मिळाला. पण १८७७ नंतर दक्षिणेत दहशतीने आणि कायद्याच्या पळवाटांनी तो हक्क हिरावला गेला. जमाव माणसांना झाडाला लटकवू लागले. म्हातारपणी डग्लस त्याविरुद्ध बोलत राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी ते वारले. त्या दिवशीही ते स्त्रियांच्या एका सभेला जाऊन आले होते.

शिकवताना दोन गोष्टी सांभाळा. वर्गात गुलामांचा बाजार, मालक आणि गुलाम अशी नाटुकली करू नका. कुणा एका मुलाला ते आयुष्यभर टोचू शकतं. आणि गुलाम हा शब्द माणसाची जात असल्यासारखा वापरू नका. गुलाम केलेली माणसं असं म्हणा. करणारा कुणीतरी होता, हे त्यातून कळतं.

आपल्या मातीशी याचा धागा शोधायला लांब जावं लागत नाही. जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हे पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. जातीची व्यवस्था आणि अमेरिकेतली गुलामगिरी एकसारख्या नाहीत, हे मुलांना नीट सांगा. पण अक्षर कुणाला मिळू द्यायचं नाही, हे दोन्हीकडे कुणीतरी ठरवत होतं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये शाळा का काढली, हे मग मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि ती जन्मतारीख? १८७७ मध्ये डग्लस आपल्या जुन्या मालकाला, थॉमस ऑल्डला, भेटायला गेले. तो अंथरुणाला खिळला होता. देशात नाव झालेल्या, साठीला टेकलेल्या या माणसाने त्याला विचारलेल्या गोष्टींत एक होती स्वतःच्या वयाची. थॉमसने आठवून फेब्रुवारी १८१८ सांगितलं. डग्लस तोवर स्वतःला वर्षभराने मोठे समजत होते. गुलामगिरी म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं तर व्याख्येआधी हे सांगा.