कार्ब्युरेटरच्या पलीकडे पाहणारा अभियंता

एप्रिल १९५६. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जनरल मोटर्सच्या चाचणी मार्गावर एका कॉर्व्हेट मोटारीला भीषण अपघात झाला. चालकाच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि त्याला प्लास्टरमध्ये जखडून ठेवावे लागले. मात्र हा चालक साधा नव्हता. शेव्हर्लेच्या इंजिनांसाठी फ्युएल इंजेक्शनची यंत्रणा सिद्ध करण्याची महत्त्वाची जबाबदारी त्याच्यावर होती. अंगावर प्लास्टर असतानाच तो कामावर परतला. झोरा अर्कस-डंटोव्ह हे त्याचे नाव. जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये आजही ते आदराने घेतले जाते.

झोरा यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रुसेल्स येथे रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण क्रांतीच्या धामधुमीतील रशियात गेले. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि तेथेच १९३४ साली त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. आईचे पहिले पती अर्कस, दुसरे डंटोव्ह. झोरा आणि त्यांचे धाकटे बंधू युरा यांनी दोन्ही आडनावे जपली. दुसऱ्या महायुद्धात दोघे भाऊ फ्रेंच हवाई दलात दाखल झाले. फ्रान्स पडल्यावर स्पेन आणि पोर्तुगालमार्गे निसटून कुटुंबाने न्यूयॉर्क गाठले.

तेथे या भावंडांनी स्वतःची कंपनी काढली. अर्कस आणि डंटोव्ह या नावांची आद्याक्षरे जोडून ‘आर्डन’ हे नाव तयार झाले. त्या काळी फोर्डचे व्ही-८ इंजिन सर्वत्र दिसे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असत. जळालेला वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडत असल्याने जड ट्रक ओढताना इंजिन तापून निघे. झोरा यांनी ॲल्युमिनियमचे नवे हेड बनवून झडपा सिलिंडरच्या वर नेल्या आणि ज्वलनकक्षाला अर्धगोलाचा आकार दिला. हे हेड ट्रकवाल्यांसाठी होते, पण ट्रकवाल्यांनी ते फारसे घेतलेच नाही. ते उचलले कॅलिफोर्नियातील ‘हॉट रॉड’ बांधणाऱ्या तरुणांनी.

स्वस्तात मिळालेली जुनी मोटार घ्यायची, अनावश्यक पत्रा काढून टाकायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तलावांच्या सपाट मैदानांवर ती पळवायची, हा या तरुणांचा छंद होता. व्यवसाय म्हणून आर्डन टिकले नाही. मात्र आपला खरा ग्राहक कोण, हे झोरा यांना या अपयशातून उमगले.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे प्रदर्शन भरले. तेथे मांडलेल्या कॉर्व्हेटच्या देखणेपणाने झोरा भारावले. १ मे रोजी ते शेव्हर्लेच्या नोकरीत रुजू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. हॉट रॉडच्या जगात सारा बोलबाला फोर्डचा आहे. आज फोर्डचे इंजिन खोलणारा पोरगा उद्या कमावता झाल्यावर फोर्डच विकत घेईल. त्याला शेव्हर्लेकडे वळवायचे तर कॅमशाफ्ट, झडपा, मॅनिफोल्ड, पिस्टन असे खास सुटे भाग कंपनीनेच तयार करून विकले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. नुकत्याच लागलेल्या नोकराने एवढ्या मोठ्या कंपनीला ग्राहक ओळखायला शिकवावे, हे धाडसच होते. कंपनीने ते पुढे मान्य केले.

या विचारातला सर्वात अवघड भाग म्हणजे फ्युएल इंजेक्शन. थंडीच्या सकाळी चोक ओढून मोटार सुरू करणाऱ्यांना कार्ब्युरेटरचे नखरे ठाऊक असतात. सर्व सिलिंडरना सारखे पेट्रोल मिळत नाही आणि वेगात वळण घेताना पेट्रोल एका बाजूला जाते. शर्यतीच्या मोटारींसाठी स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी १९४० च्या दशकातच यांत्रिक इंजेक्शन बनवले होते. मात्र ते पूर्ण वेगासाठी उत्तम असले, तरी रोजच्या रस्त्यावर, कमी वेगात चालणाऱ्या मोटारीला मानवणारे नव्हते.

जनरल मोटर्सचे जॉन डोल्झा आणि झोरा यांनी वेगळी वाट धरली. इंजिनात शिरणारी हवा किती, याचा संकेत निर्वाताच्या दाबाने एका पातळ पडद्यापर्यंत पोहोचे. तो पडदा एक दांडी हलवी आणि जास्तीचे पेट्रोल परत फिरवून नेमके तेवढेच आठही नळ्यांकडे जाई. १९५७ मध्ये २८३ घनइंचांच्या या इंजिनाने २८३ अश्वशक्ती दिली. घनइंचामागे एक अश्वशक्ती हे तेव्हाचे स्वप्न होते. त्या वर्षीच्या ६,३३९ कॉर्व्हेटपैकी १,०४० मोटारींवर ही यंत्रणा बसली.

पण स्वप्न आणि गॅरेज यांत अंतर होते. तापलेले इंजिन पुन्हा सुरू होताना अडे. बारीक नळ्यांत कचरा अडके. गावोगावच्या मेकॅनिकना हे यंत्र समजलेच नाही. अनेकांनी ते काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवला. १९६५ मध्ये कॉर्व्हेटवर इंजेक्शनसाठी ५३८ डॉलर जादा मोजावे लागत, तर त्याहून ताकदवान मोठे इंजिन २९३ डॉलरच्या आत मिळे. ग्राहकाने सरळ हिशेब केला आणि त्याच वर्षी इंजेक्शन बंद झाले.

दोष कल्पनेचा नव्हता. पडदा आणि दांडी यांचा मेंदू अपुरा पडला. इलेक्ट्रॉनिक मेंदूचा प्रयत्न बेंडिक्स कंपनीने त्याच सुमारास केला होता, पण तेव्हाचे सुटे भाग उष्णता आणि हादरे सोसू शकले नाहीत. त्या कल्पनेला १९६७ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने रस्त्यावर यश मिळवून दिले. कॉर्व्हेटवर इंजेक्शन परतले ते १९८२ मध्ये, इलेक्ट्रॉनिक रूपात. झोरा तेव्हा निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती.

२१ एप्रिल १९९६ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे, कॉर्व्हेटच्या संग्रहालयात त्यांच्या अस्थी जपल्या आहेत. इंजिन चालकाच्या मागे असावे, हा त्यांचा दुसरा हट्टही कंपनीने २०२० च्या कॉर्व्हेटमध्ये पुरा केला.

आज हॉट रॉड बांधणारे हौशी कारागीर जुनाच चेहरा राखून नवा मेंदू बसवतात. वरून पाहावे तर पन्नाशीच्या दशकातील नळ्या आणि चकाकते झाकण. आत मात्र इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर दडलेले. धुराच्या नळीतील प्राणवायूचा संवेदक मिश्रण तपासतो आणि संगणक क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो. हे कामही सोपे नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी आणि जोडीला तीव्र कॅमशाफ्ट असेल, तर निर्वाताचा संकेत डळमळतो. मग सर्व नळ्यांतला दाब बारीक रबरी नळ्यांनी एका डबीत एकत्र आणावा लागतो, किंवा थ्रॉटल किती उघडला आणि इंजिन किती फिरते, यावरून हिशेब बांधावा लागतो. जुन्या डायनॅमोची वीज पुरत नाही, म्हणून अल्टरनेटर लागतो. स्पार्क प्लगच्या जुन्या धातूच्या तारा संगणकाला गोंधळात टाकतात. त्या बदलाव्या लागतात. एवढे सारे जुळले, की इंजिन थंडीतही एका कळीवर सुरू होते आणि तापल्यावरही रुसत नाही.

प्लास्टरमध्ये जखडलेल्या झोरा यांनी ज्यासाठी जिवाचे रान केले, ते नेमके हेच होते. त्यांच्या यंत्राला तेव्हा विश्वास मिळवता आला नाही. तो मिळवून देण्याचे काम आता तेच हात करीत आहेत, ज्यांच्यासाठी त्यांनी १९५३ मध्ये लेखणी उचलली होती.