कुंडलिकेच्या पाण्यामागचे सेनापती

मैत्रिणींनो, आपल्या रोह्याची कुंडलिका ऐन उन्हाळ्यातही वाहती असते. हे पाणी येतं भिऱ्याच्या वीजघरातून, आणि भिऱ्याला येतं घाटावरच्या मुळशी धरणातून. त्या धरणात पन्नासच्या आसपास गावं बुडाली. त्या गावांसाठी उभे राहिले ते सेनापती बापट.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. हुशारीवर शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे इंग्रजी राजवटीविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली. मग पॅरिसला जाऊन बाँबची विद्या शिकले. मायदेशी आल्यावर भूमिगत राहिले, तुरुंगही पाहिला. सुटल्यावर मात्र हाच माणूस हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला!

टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज करायची होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या. १९२१ च्या रामनवमीला मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बायकाही मागे राहिल्या नाहीत, तुरुंगातसुद्धा गेल्या. काही काळ काम थांबलंही. पण पुष्कळ जमिनी कागदावर सावकारांच्या होत्या. त्यांना मोबदल्याची घाई. कसणारा एकटा पडला.

शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ ला सुटून आले तेव्हा खोऱ्यात पाणी भरलं होतं. पण ते खचले नाहीत. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हा म्हातारा माणूस उतरला. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.

रामवाडीत बायकांशी बोलताना मी त्यांची गोष्ट हटकून सांगते, कारण ती जुनी झालेली नाही. पेण तालुक्यातल्या २२ गावांत २००८ साली सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. गॅसच्या पाइपलाइनीही आपल्या जिल्ह्यातून गेल्या आहेत. त्यासाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. त्यात जमीन आपल्याच नावावर राहते, पण नळ गेलेल्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, आंब्याचं कलमही लावता येत नाही. हरकत घ्यायची तर अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांतच. तो कागद घरात येतो, पुरुष सही करतात, आणि आपल्याला कळतं ते खड्डा खणायला मशीन आल्यावर.

मुळशीत कसणाऱ्याचं नाव कागदावर नव्हतं. आज आपलं आहे का? एवढ्यात तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढा आणि स्वतः वाचा. ग्रामसभेची दवंडी ऐकलीत की चूल थोडा वेळ विझू द्या, पण जा. सेनापतींना याहून वेगळी आदरांजली मला तरी सुचत नाही.