छंदाने घडवलेला माणूस

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत गुण कमी पडले, की तुमच्यापैकी काहींना वाटते, आपण कशालाच लायक नाही. असे वाटत असेल, तर सालिम अली यांचे चरित्र जरूर वाचा.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. सालिमची प्रकृती नाजूक होती. डोकेदुखीमुळे वरचेवर शाळा बुडे. १९१३ साली तो मॅट्रिक झाला, पण जेमतेम!

मात्र एक गोष्ट त्याला मनापासून आवडे. ती म्हणजे पक्षी. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. सालिम बिचकतच आत गेला. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्याचे हसतमुखाने स्वागत केले. चिमणीची जात सांगितली, पेंढा भरलेले असंख्य पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. आपल्या प्रश्नाला एवढी किंमत आहे, हे त्या मुलाला प्रथमच कळले. त्या दिवसापासून पक्षी हाच त्याचा ध्यास झाला.

पुढची वाट सोपी नव्हती. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायासाठी गेले. तेथेही रानावनांत पक्षीच पाहत राहिले. धंदा बुडाला, छंद मात्र टिकला. मुंबईत परतल्यावर ते प्राणिशास्त्र शिकले. पुढे जर्मनीत बर्लिनला जाऊन त्यांनी पक्षिशास्त्राचे शिक्षण घेतले. १९३० साली परत आले, तेव्हा हाती नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. तेथे झाडांवर सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबत होते. सालिम अली रोज ते निरखत आणि टिपणे काढत. त्यांना दिसले, की खोपा नर विणतो. तो अर्धा झाला, की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडला, तरच नर तो पुरा करतो. बेकारीच्या दिवसांतल्या या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते वाचून हजारो लोकांना पक्षी ओळखता येऊ लागले. भारत सरकारने १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला. १९८७ साली, वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, छंदाला पैसा लागतोच असे नाही. एक वही, एक पेन्सिल आणि रोजचा अर्धा तास पुरे. पाने गोळा करा, चित्रे काढा, नाहीतर खिडकीतून दिसणारे पक्षी मोजा. पण जे कराल, ते नेटाने करा. अडले, तर जाणत्या माणसाला विचारायला लाजू नका. एखादी गोष्ट आपल्याला चांगली येते, हे एकदा कळले, की अवघड विषयाचे पुस्तक उघडतानाही मन कचरत नाही.