दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : कायदा, कारभार आणि समाजसेवा

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीचा इतिहास ज्या थोर पुरुषांच्या नावांशी निगडित आहे, त्यांत कै. दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे स्थान अग्रभागी आहे. वकील, प्राध्यापक, ग्रंथकार, संस्थानाचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री अशा अनेक भूमिका त्यांनी पार पाडल्या. अधिकारपदे आली आणि गेली. परंतु समाजाविषयीची त्यांची कळकळ अखेरपर्यंत टिकून राहिली.

अण्णासाहेबांचा जन्म 1878 साली कुरुंदवाड येथे झाला. आपला समाज त्या काळी बहुतांशी शेतीवर निर्वाह करणारा व शिक्षणात मागासलेला होता. अशा परिस्थितीत त्यांनी एम. ए., एलएल. बी. पर्यंत मजल मारली. शिक्षणाचा लाभ आपल्यापुरता न ठेवता 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांनी तरुण वयातच पुढाकार घेतला. हीच सभा पुढे दक्षिण भारत जैन सभा म्हणून नावारूपास आली. 1905 मध्ये त्यांनी जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यापाड्यांतील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून चाललेल्या कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची धुराही त्यांनी वाहिली. राजाराम कॉलेजात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि संस्थानच्या शिक्षण खात्यातही काम पाहिले.

राजर्षी शाहू छत्रपतींचा विश्वास त्यांना लाभला होता. तथापि 1914 च्या सुमारास डांबर प्रकरण उद्भवले. ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याच्या या प्रकरणात अण्णासाहेबांना गोवण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटील यांचा तुरुंगात अनन्वित छळ करण्यात आला. बोर्डिंगच्या शिस्तीवरून याच भाऊरावांचा पूर्वी अण्णासाहेबांशी खटका उडाला होता. तरीही त्यांनी असत्य बोलण्यास ठाम नकार दिला. हेच भाऊराव पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, कर्मवीर म्हणून सर्वांना वंद्य झाले.

अण्णासाहेबांना कोल्हापूर सोडावे लागले. बेळगावी येऊन त्यांनी वकिलीत जम बसविला. ब्राह्मणेतर चळवळीचे एक प्रमुख नेते म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. मागासलेल्या वर्गांना नव्या राजकीय सुधारणांत न्याय्य वाटा मिळावा, हा त्यांचा आग्रह होता. 1920 च्या निवडणुकीनंतर ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासदही झाले. शाहू महाराजांविषयी त्यांनी मनात किल्मिष ठेवले नाही. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले आणि 1924 मध्ये अण्णासाहेबांनी लिहिलेले त्यांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. महाराजांच्या अभ्यासकांना ते आजही आधारभूत वाटते. ज्या कोल्हापुरातून बाहेर पडावे लागले, तेथेच छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते सन्मानाने दिवाणपदी आरूढ झाले.

त्यांच्या कारभारकौशल्याची खरी कसोटी मात्र मुंबईत लागली. 1937 मध्ये बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात, साठीच्या उंबरठ्यावर असताना, अर्थखाते त्यांच्याकडे आले. या सरकारने दारूबंदीचा संकल्प सोडला होता. संकल्प उदात्त होता. परंतु अबकारी उत्पन्न हा प्रांतिक तिजोरीचा मोठा आधार होता. तो सोडून द्यावयाचा, आणि शाळा, दवाखाने व ग्रामसुधारणा यांनाही पैसा कमी पडू द्यावयाचा नाही, असा दुहेरी पेच अर्थमंत्र्यांपुढे होता.

अण्णासाहेबांनी तो टाळला नाही. 1939 मध्ये शहरांतील स्थावर मिळकतींवर नवा कर बसविण्यात आला. मुंबईतील घरमालकांनी त्यास कडाडून विरोध केला. मद्यव्यवसायात गुंतलेले वर्गही नाराज होते. करास न्यायालयात आव्हान दिले गेले, तथापि मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. व्यसनमुक्तीचा उपदेश आपल्या धर्मात पूर्वापार आहे. त्यासाठी येणारा आर्थिक भार कोणी व किती उचलावयाचा, याचा हिशेब उघडपणे मांडण्याचे आणि त्याबद्दलचा रोष पत्करण्याचे कठीण काम अण्णासाहेबांच्या वाट्याला आले. हिंदुस्थानास न विचारता त्याला महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ त्याच वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्यांची मंत्रिपदाची कारकीर्द संपली.

1950 मध्ये अण्णासाहेब निवर्तले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव आजही पुढे चालवीत आहे. सार्वजनिक संस्थेचे विश्वस्त वा कार्यकर्ते म्हणून काम करताना सत्कार्याचा नुसता संकल्प पुरत नाही, त्याच्या खर्चाची तरतूद चोख व्हावी लागते आणि त्यासाठी अप्रियताही सोसावी लागते. त्यांच्या चरित्रातील हा धडा आपण सर्वांनी ध्यानी धरावा. या थोर समाजपुरुषाच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन !