कात्रीने घडविलेले दुसरे आयुष्य : चित्रकार आंरी मातिस

आजार मनुष्याला अंथरुणाला खिळवितो, हे आपण नेहमीच पाहतो. परंतु एकाच आजाराने एखाद्याला त्याच्या जीवनकार्याची ओळख करून द्यावी आणि दुसऱ्याने त्याच कार्याला नवे रूप द्यावे, असे क्वचितच घडते. जगविख्यात फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांच्या आयुष्यात हे दोन्ही घडले.

मातिस यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी या गावी झाला. बालपण बोअँ या विणकरांच्या गावी गेले. तेथील मागांवर पॅरिसच्या धनिकांसाठी तलम व रंगीबेरंगी कापड विणले जात असे. पूर्वज विणकर, तर वडील धान्य व बी-बियाण्यांचे व्यापारी. मुलाने वकील व्हावे, या वडिलांच्या इच्छेनुसार आंरी यांनी पॅरिसला कायद्याचे शिक्षण घेतले व एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी पत्करली. त्या कामात त्यांचे मन नव्हते. विशीत आंत्रपुच्छाच्या विकाराने ते दीर्घकाळ अंथरुणास खिळले. वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली. त्या पेटीने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. वडिलांचा विरोध पत्करून १८९१ मध्ये ते चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेले.

पुढील मार्ग सुखाचा नव्हता. अनेक वर्षे ओढगस्तीत गेली. १९०५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची व त्यांच्या मित्रांची भडक रंगांची चित्रे झळकली, तेव्हा समीक्षकांनी या मंडळींना हिंस्र श्वापदांची उपमा दिली. अशा काळात ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांत मॉस्कोचे कापडाचे बडे व्यापारी सर्गेई श्चुकिन अग्रगण्य होते. 'नृत्य' व 'संगीत' ही भव्य चित्रे त्यांनीच मातिस यांच्याकडून करून घेतली. कापडाशी मातिस यांचे नाते असे जन्मभर राहिले. देशोदेशीच्या वस्त्रांचा त्यांचा संग्रह होता, आणि त्यांवरील वेलबुट्टी त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा उमटत राहिली.

१९३९ मध्ये पत्नी आमेली त्यांच्यापासून विभक्त झाल्या. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जानेवारी १९४१ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, आतड्याच्या कर्करोगासाठी लियाँ शहरी मातिस यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. नंतर गुंतागुंत उद्भवली व प्राणावर बेतले. हाती घेतलेले काम पुरे करण्यासाठी आणखी तीन-चार वर्षे मिळावीत, एवढीच त्यांची डॉक्टरांकडे मागणी होती. प्रत्यक्षात त्यांना जवळजवळ १४ वर्षे लाभली. मात्र शरीर पूर्ववत झाले नाही. फार वेळ उभे राहणे अशक्य झाले. पलंग आणि चाकांची खुर्ची हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

उभे राहून मोठा पट रंगविणे आता कठीण होते. मातिस यांनी कात्री हाती घेतली. सहायक कागदाचे ताव एकाच सपाट रंगाने रंगवून देत. मातिस पलंगावर बसून त्यांतून पाने, पक्षी, मानवाकृती थेट कापून काढीत. आधी रेखाटन नाही, खुणा नाहीत. कसलेल्या शिंप्याने कापड बेतावे तशी कात्री चाले. मग त्यांच्या सूचनेनुसार सहायक ते तुकडे टाचण्यांनी भिंतीवर लावीत, हलवीत, पुन्हा लावीत. १९३० च्या दशकात एका भित्तिचित्राच्या मांडणीसाठी त्यांनी कागदाचे तुकडे वापरले होतेच. तेव्हाचे साहाय्यक साधन आता स्वतंत्र कला बनले.

याच काळात, १९४४ मध्ये, प्रतिकार चळवळीत भाग घेतल्याबद्दल आमेली व कन्या मार्गरीत यांना जर्मनांनी अटक केली. मार्गरीत यांचा अमानुष छळ झाला. दोघी जिवंत सुटल्या. परंतु त्यांची वार्ता कळेपर्यंतचे दिवस या आजारी पित्याने कसे काढले असतील, याची कल्पनाच करावी. कात्रीतून उतरलेल्या २० चित्रांचा 'जाझ' हा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील उजळ रंगांमागे हा काळोखही आहे.

आजारपणात मोनिक बूर्झ्वा या तरुण परिचारिकेने त्यांची सेवा केली होती. ती पुढे सिस्टर जॅक-मारी या नावाने डोमिनिकन जोगीण झाली. व्हाँस येथील तिच्या मठासाठी मातिस यांनी १९४८ ते १९५१ अशी चार वर्षे खपून प्रार्थनामंदिर साकारले. खिडक्यांच्या रंगीत काचांचे व धर्मगुरूंच्या वस्त्रांचे नमुने त्यांनी कागद कापूनच तयार केले. भिंतींवरील चित्रांसाठी लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून त्यांनी रेखाटने केली. मात्र २५ जून १९५१ रोजी मंदिराचा समर्पणसोहळा झाला, तेव्हा प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत.

कित्येकांनी या कागदकामाला वृद्धाचा पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. मातिस थांबले नाहीत. १९५२ च्या उन्हाळ्यात पोहणाऱ्यांना पाहण्याची इच्छा झाली. बाहेर उन्हाचा त्रास सोसेना, तेव्हा नीसमधील आपल्या भोजनगृहाच्या भिंतींवर त्यांनी निळ्या कागदांचा जलतरण तलावच उभा केला. १९५३ मधील 'गोगलगाय' हे चित्र लांबी-रुंदीला जवळजवळ तीन-तीन मीटर आहे. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, नीस येथे त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या कामाला पोरखेळ म्हटले गेले, ते आज जगातील थोर संग्रहालयांचे भूषण आहे.

आजाराने मातिस यांच्या हातचे पुष्कळ काढून घेतले, हे नाकारण्याचे कारण नाही. जे गेले त्याचा हिशेब मांडण्यात त्यांनी उरलेले दिवस वेचले नाहीत, एवढेच. हातात काय उरले आहे ते पाहिले आणि त्यानेच काम सुरू केले. आपल्या घरात कोणी दुखण्यातून उठत असेल, तर त्याला विश्रांती द्यावीच. पण आईने दिलेल्या त्या रंगपेटीप्रमाणे हाताशी एखादे कामही ठेवावे.